पिंपळ फक्त पाहुण्यांसाठी

अधिक महिन्यात मी रोज पिंपळाला तेहतीस प्रदक्षिणा घालते. स्नान झाल्यापासून शेवटची प्रदक्षिणा होईपर्यंत बोलायचं नाही आणि दिवसातून एकदाच जेवायचं, एवढाच माझा नियम. यंदाचा संकल्प गोजराताईच्या गुडघ्यासाठी होता. गोजराताई म्हणजे माझी थोरली बहीण. गुडघा बदलून दीड महिना झाला तरी ती वॉकर सोडेना. डॉक्टर म्हणाले सोडा, तिचा मुलगा कुंदन म्हणाला सोड. ती म्हणायची, पडले तर तुम्ही दोघं उचलणार का?

एकवीस दिवस आमच्या खारघरच्या सेक्टरमधल्या बागेत सुरळीत पार पडले. मग कुंदनचा फोन आला. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्याची द्रोणागिरीला गोदामात शिफ्ट, आईजवळ दिवसभर कुणी नाही. मावशी, येशील का? अमावस्येला नऊ दिवस उरले होते. मी पिशवीत तांब्या, जपमाळ आणि दोन साड्या भरल्या आणि निघाले.

पोचल्यावर पहिलं विचारलं ते पिंपळाचं. ताईच्या गावात तीन पिंपळ होते, मला चांगले आठवत होते. शाळेपुढचा रस्ता रुंद करताना गेला. मारुतीच्या देवळामागचा आता कंटेनरच्या यार्डात आहे, तिथे पहाटेपासून ट्रेलर मागेपुढे होत असतात, प्रदक्षिणा काय घालणार. राहिला तिसरा, ताईच्या सासऱ्यांनी शेताच्या बांधावर लावलेला. पण ते शेत विकून बारा वर्षं झाली होती आणि तिथे तिवरा रिट्रीट नावाचं रिसॉर्ट उभं होतं. घरापासून पाच मिनिटांवर.

"आपल्या सासऱ्यानी लावलेला पिंपल हाय तो," ताई खाटेवरून म्हणाली. "तुला कोन हटकतंय? सरळ जा."

आता मी काही सरळ जाणारी बाई नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुद्धा मी हात वर करते आणि कुणी बघायच्या आत खाली घेते. तरी दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमारास अंघोळ केली, ओल्या केसांचा अंबाडा घातला, तांब्या घेतला आणि गेले. मनात ठरवलं होतं, की गेटवरच्या माणसाला हात जोडायचे, झाडाकडे बोट दाखवायचं, सोडलं तर ठीक, नाहीतर परत.

गेटवर पन्नाशीचा एक सिक्युरिटी होता. छातीवर नाव लिहिलेलं, वामन. त्याने सलाम केला आणि रूम नंबर विचारला. मी हात जोडले. त्याने पुन्हा विचारलं. मी ओठांवर बोट ठेवलं, झाडाकडे दाखवलं. त्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला. मौनवाल्या का, म्हणाला, बॅज विसरलात वाटतं. आणि टेबलाच्या खणातून निळ्या रिबिनीचा एक बॅज काढून त्याने माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, "मी मौनात आहे."

मला वाटलं, देवानेच छापून ठेवला.

आत गेल्यावर उलगडा झाला. शहरातून तीस माणसं दहा दिवस गप्प बसायला आली होती. सगळ्यांच्या गळ्यात तोच बॅज. पिंपळाभोवती लाकडी फळ्यांचा गोल ओटा केला होता, खोडाला दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. समोर पाटी होती, झाडाखालची ध्यानाची जागा, फक्त उतरलेल्या पाहुण्यांसाठी. मी ती पाटी वाचली, हे कबूल करते. वाचली आणि तांब्यातलं पाणी मुळाशी घालून चालायला लागले.

प्रदक्षिणा झाल्या तेव्हा बोलायला मोकळी होते. गेटवर आले ती या माणसाला खरं सांगून टाकायचं ठरवूनच. "दादा," एवढंच म्हणाले असेन, तर त्याने घाईघाईने स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवलं.

"नका मावशी, नका बोलू. नियम मोडेल तुमचा. आमच्या दिघ्याला माझी आई पण पाळायची. टेन्शन घेऊ नका, मी आहे रोज सकाळी."

इतक्या मायेने कुणी गप्प केलं, तर माणसाने काय करावं? मी गप्प झाले.

घरी येऊन ताईला सांगितलं तर ती इतकी हसली की वॉकर खाली पडला. मग तिने चौकशी सुरू केली. तलाव केवढा आहे, त्यात बायका काय घालून उतरतात, नाश्त्याला काय काय मांडतात. मी म्हटलं, मी खाली बघून चालते, मला ठाऊक नाही. तर म्हणाली, मग उद्या वर बघून चाल, मला हितं पडून पडून कंटाला आलाय.

मी मात्र मनाशी नियम आखले. आपण दुसरीकडे उतरलोय, तेव्हा इथल्या कशालाही हात लावायचा नाही. झाडाभोवती फिरायचं तेवढं आपलं, बाकी सगळं पाहुण्यांचं. पाणी प्यायचं नाही, झोक्यावर बसायचं नाही, वाटेवरच्या पंख्याखाली सुद्धा थांबायचं नाही. उकाडा असा होता की चौदाव्या प्रदक्षिणेला पदर पाठीला चिकटायचा, तरी मी त्या पंख्याला वळसा घालून जायची.

नियम आखणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी एका मुलीने माझ्या चपला उचलून मांडणीत ठेवल्या आणि पुढ्यात मऊ सपाता ठेवल्या. मी अनवाणी चढले, तर ती इतकी हिरमुसली की परत येऊन घालाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी हातात गार, वासाचा, गुंडाळलेला टॉवेल आला. तो काय आहे हे कळायच्या आत मी त्याने मान पुसून मोकळी झाले होते. ते मी ताईला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी गवती चहाचा पेला आला. तो मी घेतला, दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि ओट्याच्या कडेला ठेवून दिला. देवाचं तीर्थ असतं तर प्यायले असते, पण मी एकभुक्त, आणि त्यातून तो दुसऱ्याच्या नावचा.

त्या पेल्याने घोटाळा केला.

त्या माणसांना गप्प बसायला शिकवणारी मनस्वी नावाची एक तरुण बाई होती. पांढरे सैल कपडे, केस अगदी बारीक कापलेले. तिने ते पाहिलं. पाचव्या दिवशी मी पोचले तेव्हा ओट्याच्या कडेला तीस पेले भरून ओळीने ठेवलेले होते, एकानेही घोट घेतला नव्हता. आणि मी चालायला लागले तर मागे पावलं वाजू लागली. एक उंच गृहस्थ होते, त्यांच्यामागे त्यांची बायको असावी, मग आणखी दोघं. मी थांबले की ते थांबायचे. मी पदर सावरला की मागची बाई ओढणी सावरायची.

सहाव्या दिवशी तीसच्या तीस मागे. आता पिंपळाभोवतीचा ओटा तो केवढा. रांग वाढत वाढत गेली आणि पहिल्याच फेरीत तिचं शेपूट माझ्या पुढ्यात आलं. त्यानंतर मी पुढे आहे की मागे, हे मलाही कळेना. मी तांदळाच्या दाण्यांवर मोजते, मुठीत तेहतीस दाणे, दर फेरीला एक मुळाशी टाकायचा. दाणे संपले, प्रदक्षिणा पूर्ण झाली, पण बाहेर पडायला वाट नाही. पुढे एक पाठ, मागे एक छाती. थांबायची सोय नाही आणि बाजूला व्हा म्हणून सांगावं तर समोरची सगळी मौनात. एकेचाळीस प्रदक्षिणा झाल्या तेव्हा कुणा एकाला शिंक आली आणि त्या फटीतून मी निसटले.

त्यात आणखी एक. पिंपळाला शनिवारखेरीज हात लावायचा नसतो, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. ही माणसं फेऱ्या झाल्या की सगळी मिळून झाडाला मिठी मारायची. शुक्रवारी! मी डोळे मिटून त्यांच्या वतीने क्षमा मागायची. मनस्वी त्यांना पाटीवर लिहून दाखवायची, ताईंच्या डोळ्यांकडे पाहा. ताई म्हणजे मी.

हे सगळं ताईला ऐकवलं की तिचा दिवस जायचा. पण वॉकर सुटत नव्हता. मी म्हटलं, नऊ दिवस पुरे होऊ दे, मग बघ. ती म्हणाली, "अगं जमने, गुडगा डाक्टरनी बदललाय, पिंपलानी नाय. आनि तू तितं दुसऱ्याच्या बिल्ल्यावर फिरतेस. देव काय आंधला हाय?"

ती हसत म्हणाली, पण माझ्या मनात ते रुतलं. खरंच, मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते. पण बोललेच नव्हते, म्हणून. दुसऱ्याचा बॅज घालून केलेली प्रदक्षिणा कुणाच्या खात्यावर जाते, त्या उंच गृहस्थांच्या? संकल्प माझा, गुडघा ताईचा, आणि बॅज तिसऱ्याचाच. आठव्या दिवशी मी चालले खरी, पण प्रत्येक दाणा टाकताना तेच डोक्यात.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि रिसॉर्टच्या गेटवर गेले. वामनची रात्रपाळी सातला सुरू व्हायची, तो नुकताच टोपी घालत होता. मला पाहिल्याबरोबर त्याने ओठांवर बोट ठेवलं. मी त्याला म्हटलं, की दादा, आता मौन नाही, आता ऐकून घ्या. आणि एका दमात सांगितलं. मी कुठल्याच रूमची नाही, पलीकडच्या गल्लीत बहिणीकडे उतरलेय, बॅज तुमचा तुम्हाला परत.

त्याचा चेहरा उतरला. तो खुर्चीवर बसला, परत उठला. बॅज आपणच दिला, आठ दिवस आपणच सोडलं, हे मॅनेजरना कळलं तर एजन्सी दुसऱ्या दिवशी घरी बसवेल, म्हणाला. याआधीचा माणूस एका पाहुण्याच्या मेव्हण्याला तलावात उतरू दिलं म्हणून गेला होता. "मावशी, तुम्ही पुण्यासाठी फिरलात. माझ्या पोटावर नका आणू."

खरं बोलायचं सुद्धा मला धड जमलं नाही. मी त्याला शब्द दिला, की उद्यापासून येणार नाही आणि कुणाला काही सांगणार नाही. बॅज खणात गेला.

म्हणजे शेवटच्या दिवसाचा पिंपळ गेला. ताईला सांगितलं. ती म्हणाली, भिंतीवरून फांदी येते ना रस्त्यावर, तिच्याखाली फिर. मी म्हटलं, भिंतीला कशी प्रदक्षिणा घालणार? तेव्हा तिलाच आठवलं. जागा नसली की देवासमोर आपण स्वतःभोवतीच फिरतो, ती आत्मप्रदक्षिणा. शास्त्राला चालते.

अमावस्येच्या सकाळी मी त्या फांदीखाली, गेटपासून वीस पावलांवर, रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पूर्वेला तोंड केलं, हात जोडले आणि जागच्या जागी फिरू लागले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, उपाशी पोटी, तेहतीस वेळा. आठव्या फेरीला भिंत तिरकी झाली. अकराव्या फेरीला समोरचा दुधाचा टेम्पो दोनदा गेला असं वाटलं. मी भिंतीला हात टेकला.

"मॅडम, बरं वाटत नाही का?"

डोळे उघडले तर पिंपळाच्या पानावर पान हलत होतं आणि त्यांच्या खाली एक टाय घातलेला तरुण. छातीवर अश्विन, जनरल मॅनेजर. हातात फळांची टोपली, वर रंगीत कागद. मागे वामन, पांढराफटक.

अश्विन अगदी आदराने बोलत होता. आत सगळे तुमची वाट पाहतायत, म्हणाला. शिबिराचा आज शेवटचा दिवस, तीसही जणांनी कागदावर लिहून दिलंय की सगळ्यात चांगलं काय तर त्या ताईंच्या मागून चालणं. मी काल संध्याकाळपासून तुमची रूम शोधतोय, ही टोपली पाठवायची होती, पण यादीत तुमचं नावच सापडत नाही. मग तो वामनकडे वळला आणि विचारलं, की या कुठल्या रूमच्या?

वामनने माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ बंद. स्नान झालेलं, प्रदक्षिणा अकरा झालेल्या, बावीस बाकी, महिन्याचा शेवटचा दिवस. मी नुसती उभी राहिले असते तरी चाललं असतं. त्याने घसा खाकरला. "सर, दोनशे..."

माझ्यासाठी तो खोटं बोलायला निघाला होता.

"कुठल्याच नाही," मी म्हणाले.

आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. महिनाभर सकाळच्या वेळी न वापरलेला आवाज. मग म्हटलं आता मोडलंच आहे तर पुरतं मोडावं. सांगितलं, की मी बहिणीकडे उतरले आहे. तुमच्या झाडाभोवती आठ दिवस फिरले. पाणी प्यायले नाही, चहा घेतला नाही, पंख्याखाली थांबले नाही. सपाता घातल्या. एक टॉवेल मानेला लावला, तो चुकून. या दादांचा दोष नाही, मी पहिल्याच दिवशी सांगणार होते, पण मी बोलले तर माझा नियम मोडेल म्हणून त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

अश्विन टोपली धरून उभा राहिला. त्याने एकदा वामनकडे पाहिलं, एकदा झाडाकडे. मग हळूच विचारलं, की आता आतल्या तीस लोकांना मी काय सांगू?

"काही सांगू नका," मी म्हटलं. "मौनात आहेत ना."

तो हसला की नाही ते मला सांगता येणार नाही, तोंड फिरवलं त्याने. मग वामनला म्हणाला, यांची व्हिजिटर म्हणून एंट्री कर, नीट, पहिल्या दिवशीच करायला हवी होती तशी. वामनने वही उघडली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. कुणाला भेटायचं, या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. मी म्हटलं, पिंपळ. त्याने तसंच लिहिलं.

आत जाऊन मी पुन्हा एकपासून मोजलं. अकरा भिंतीकडच्या सोडून दिल्या. मागे तीस जण होते, पण आज ओट्यावर चढण्याआधी मी मागे वळून मनस्वीला सांगितलं, की एक माणूसभर जागा मोकळी ठेवा, आणि झाडाला हात शनिवारी लावा. ती माझ्याकडे बघतच राहिली. नऊ दिवसांत मला वाचा आहे हे तिला पहिल्यांदा कळलं असावं. बाकीच्यांनी भराभरा हात पाठीमागे बांधले.

घरी आले ती मान खाली घालून. ताईला सांगितलं, मौन मोडलं, शेवटच्या दिवशी मोडलं, आता तुझ्या गुडघ्याचं काय होईल ते होवो. तिने सगळं पहिल्यापासून परत सांगायला लावलं. "कुठल्याच नाही" हे तर तीनदा. तुला बघायला आले तेव्हा सुद्धा तू इतकं मोठ्यानी नाव सांगितलं नव्हतंस, म्हणाली.

तेवढ्यात दारात कुणी हाक मारली. वामन होता, ड्यूटी संपवून दिघ्याची वाट धरण्याआधी आलेला, हातात ती टोपली. साहेबांनी पाठवलीय, म्हणाला, आणि नोकरी आहे, फक्त आठवडाभर दुपारची ड्यूटी लावलीय, उन्हात. मी स्वयंपाकघरात अनारसे तळत होते, अधिक महिन्याचं वाण, कढई सोडता येईना. म्हणून ओरडले, ठेवा दादा ओट्यावर.

"ओट्यावर काय ठेवा," ताईचा आवाज आला. "रिसॉर्टची टोपली मला बगू दे आदी."

झारा हातात घेऊन मी डोकावले. ताई दारात उभी होती, एका हातात टोपली, दुसऱ्या हाताने रंगीत कागद फाडत, आणि वामनला विचारत होती की हे गुलाबी काटेरी फळ सोलून खातात की तसंच. वॉकर खाटेशेजारी होता. खाट आणि दार यांत चांगली बारा पावलं.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिच्या लक्षात आलं असतं आणि ती खाली बसली असती. कढईत अनारसा करपला. तो जाऊ दिला.

वाण जावयाला द्यायचं असतं. मला मुलगी नाही, त्यामुळे जावई नाही, दर अधिक महिन्यात मी कुणातरी गरजूला देते. यंदा तेहतीस अनारसे ताटात मांडले, वर दिवा लावला आणि वामनला ओट्यावर पाटावर बसवलं. तो संकोचला. मावशी, मी सिक्युरिटीवाला, म्हणाला. ताई त्या गुलाबी फळाच्या बिया दातांतून काढत म्हणाली, आज जावई हायस, गुमान घे. त्याने डबा बांधून घेतला आणि निघताना माझ्या पाया पडला, तेव्हा सवयीने ओठांवर बोट ठेवलं, मग लाजून काढलं.

आता मी खारघरला परत आले आहे. गुडघा मौनाने चालला, मौन मोडल्याने, की टोपलीने, हे मी देवाला विचारलेलं नाही. परवा कुंदनने फोनवर एक फोटो पाठवला. पिंपळाखाली नवी पाटी लागली आहे. रोज सकाळी सव्वासहा, मौन प्रदक्षिणा, तेहतीस फेऱ्या, झाडाला स्पर्श फक्त शनिवारी. खाली बारीक अक्षरात, फक्त उतरलेल्या पाहुण्यांसाठी.

ताईने लगेच फोन केला. पुढचा अधिक महिना कधी येतो, तिने विचारलं. मी म्हटलं, तीन वर्षांनी. तर म्हणाली, तेव्हा मी येते तुझ्यासंगं, तू गप चाल, गेटवर मी बोलते.